मीटर 58 हजार, नोंद 1 लाख 31 हजार

एका जुन्या मर्सिडीजची तपासणी चालू होती. मीटरवर 58,412 किलोमीटर होते. गाडीचा एकेक भाग सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. डिकीतल्या सॅम नावाच्या मॉड्यूलमध्ये एक जुना फॉल्ट पडून होता, त्याच्यापुढे नोंद होती 1,31,077 किलोमीटरची. मी दरवाजाचं मॉड्यूल उघडलं, मग सीटचं, मग पार्किंग सेन्सरचं, एसीचं. सगळीकडे तोच आकडा. कुठे ‘व्होल्टेज कमी’, कुठे ‘संपर्क तुटला’. म्हणजे निम्मी गाडी एकाच किलोमीटरला, एकाच वेळी गप झाली होती. चालत्या गाडीत असं सहसा होत नाही. एकेक गोष्ट बिघडते, आणि दोन बिघाडांत शेकडो किलोमीटरचं अंतर असतं. सगळं एकदम जातं ते बहुतेक वेळा गाडी उभी असताना, आणि ती पाण्यात उभी असेल तर.

माझं गॅरेज बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत आहे. जर्मन डिझेल गाड्या हे माझं मुख्य काम. जुनी गाडी घेण्याआधी तपासून द्यायची कामंही येतात, आणि ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर ती फार वाढली. त्या पुरात शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती. सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा, मुजमहुडा, जिथे बघावं तिथे तळघरात गाड्या बुडालेल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही गाड्या काढायला जायचो तेव्हा सोसायटीचे लोक आधी मगर नाही ना हे बघून घ्यायचे, कारण विश्वामित्रीत मगरी आहेत. त्या आठवड्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती सांगतो, कारण अजूनही लोकांना ती पटत नाही. बुडालेली गाडी ज्यांनी हात न लावता टो करून आणली, त्यांची इंजिनं बहुतेक वाचली. ज्यांनी ‘जरा बघू तर’ म्हणून बटण दाबलं, त्यांच्या सिलेंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं गेलं नाही, कनेक्टिंग रॉड वाकले. डिझेलचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त, त्यामुळे तिथे सुटका नाही. आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे इंजिनाचं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पन्नास लाखांच्या गाडीवर तेवढे पैसे वाचवणारी माणसं मी पाहिली आहेत.

तर ही गाडी. 2014 ची मर्सिडीज ई 250 सीडीआय, पांढरी, अहमदाबादची म्हणजे जीजे 01 पासिंगची. घेणारे आमच्या वडिलांचे स्नेही, विद्यापीठातून निवृत्त झालेले, दांडिया बाजारात राहणारे. मी त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर स्कूटर आणि मग एक छोटी मारुती. एकदा तरी मर्सिडीज घ्यायची ही त्यांची जुनी इच्छा, आणि या इच्छेत मला काही चुकीचं वाटत नाही. नवी असताना चाळीस लाखांच्या वरची गाडी दलाल साडेअकरा लाखांना देत होता. काकांनी 51 हजार टोकन आधीच देऊन टाकलं होतं.

दलाल स्वतः गाडी घेऊन आला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, “साहेब, आ गाडीए पाणी जोयुं ज नथी. अमदावादनी छे.” म्हणजे या गाडीने पाणी पाहिलेलंच नाही, अहमदाबादची आहे.

उत्तरायण म्हणजे संक्रांत नुकतीच झाली होती, सकाळी थंडी होती. मी काचा बंद करून हीटर पूर्ण वाढवला आणि गाडी तशीच चालू ठेवली. आत इतकं अत्तर मारलं होतं की पहिली काही मिनिटं दुसरा कसलाच वास येईना. नंतर खालून ओल्या गोणपाटासारखा वास वर आला. काकांना तो आला नाही. दलालाला आला, कारण त्याने लगेच दार उघडलं.

इथून पुढचं काम मला मनापासून आवडतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. वरचा पट्टा सगळे धुतात, रीळमध्ये गुंडाळलेला शेवटचा हातभर कुणी धूत नाही. तिथे तपकिरी रेघ होती. सीट पूर्ण मागे-पुढे करून खालच्या पट्ट्या बघायच्या. या गाडीत पट्ट्यांना काळा रंग मारला होता, पण बोल्टच्या खाचेत गंज तसाच होता. कार्पेट शांपूने धुतलेलं असतं, त्याखालचा जाड फोम मात्र महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि या गाड्यांचं मुख्य वायरिंग त्याच फोमखालून जातं. कडेची पट्टी काढून बोट घातलं तर ओल लागली. बोटाला बारीक राखाडी गाळ आला. गाळ कुठल्या नदीचा याच्याशी मला देणंघेणं नव्हतं, पाणी कुठवर चढलं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं: सीटच्या गादीपर्यंत. डिकीच्या बाजूच्या पॅनलमागे सॅम बसवलेला असतो, फ्यूज आणि रिले त्यातच. तो काढला तर खालच्या पिना हिरव्या पडलेल्या.

मग स्कॅनर लावला, आणि वर सांगितलं ते दिसलं. मीटर मागे करणाऱ्याने फक्त समोरचा मीटर बदलला होता. हजार-दीड हजारात मिळणारा स्कॅनर इंजिनची मेमरी तेवढी पुसतो, आणि या लोकांना वाटतं काम झालं. ई-क्लासमध्ये प्रत्येक मॉड्यूलची मेमरी वेगळी, आणि फॉल्ट आला तेव्हा गाडी किती चालली होती हे त्यात लिहिलं जातं. ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. गाडी स्वतःचा इतिहास सांगते, विचारणारा पाहिजे.

इंजिन मात्र चांगलं होतं. 2143 सीसीचं ते इंजिन, टायमिंग चेन मागे गिअरबॉक्सच्या बाजूला. त्यामुळे चेनचं काम निघालं तर खर्च मोठा, पण इथे चेनचा आवाज नव्हता, चारही सिलेंडर सारखे चालत होते. म्हणजे बुडाली तेव्हा कुणी स्टार्ट केली नव्हती. रस्त्यावर नेली तर सुरेख चालली. काका शेजारी बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्यामुळे मला पुढचं बोलणं अवघड झालं.

परत आल्यावर ड्रायव्हरची सीट उचलली. साइड एअरबॅग सीटमध्येच असते, तिचा पिवळा कपलर, म्हणजे वायर जोडायचा सॉकेट, सीटखाली. तो कापलेला होता. वायरच्या दोन टोकांमध्ये एक छोटा रेझिस्टर डाग देऊन जोडला होता, वर टेप. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला दोन-अडीच ओहमचा अडथळा दिसला की त्याला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि मीटरवरची लाल लाइट विझते. प्रत्यक्षात तिथे एअरबॅगला वायरच जात नव्हती. शेजारच्या सीटखालीही तसंच.

मीटर मागे करणं ही फसवणूक आहे. हा रेझिस्टर लावणं मला त्याहून फार वाईट वाटतं. ज्याने तो लावला त्याला डाग देता येत होता, ओहम कळत होते, म्हणजे तो माझ्याच धंद्यातला माणूस आहे. त्याने कपलर बदलायचे म्हटले असते तर ते महागाचं काम नव्हतं.

मी दलालासमोरच काकांना सगळं दाखवलं. दलाल आधी म्हणाला, जुन्या गाडीत असं असतंच. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, रिपोर्ट जरा नरम लिहा, पुढची कामं तुमच्याकडेच पाठवतो. मी रिपोर्ट छापून फोटोंसकट काकांच्या हातात दिला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण चालते तर छान ना रे? मी कुठे जोरात चालवणार आहे?”

“काका, आज छान चालते. पिना आतून सडतायत, ते थांबत नाही. पावसाळ्यात एकेक मॉड्यूल जाईल. गाडी तुम्हाला साडेअकरात मिळेल, पण सुटे भाग चाळीस लाखांच्या गाडीचेच घ्यावे लागतील.”

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती पूर नसता आला तरी सांगितली असती. दांडिया बाजारातून मांडवी, मांडवीवरून सूरसागर, एवढंच रोजचं चालवणं असेल तर डिझेल घेऊ नका. इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही घरी पोचता, ईजीआरमध्ये, म्हणजे धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या भागात, काजळी साठत जाते आणि दोन वर्षांत त्याचाच खर्च निघतो. डिझेल सलून हायवेवरच्या माणसाची गाडी आहे. रोज एक्सप्रेस वेने अहमदाबाद करणाऱ्याला ती दहा-दहा वर्षं साथ देते. एजंट हे सांगत नाहीत, आणि घेणारे विचारत नाहीत.

काकू तोवर ऑफिसात बसून होत्या. त्यांनी रिपोर्टमधला रेझिस्टरचा फोटो बघितला, मला तो काय आहे ते नीट समजावून घेतलं, आणि काकांना म्हणाल्या, “आपल्याला नको ही गाडी.” विषय तिथे संपला. टोकनमधले पाच हजार दलालाने कापले, बाकीचे परत दिले.

माझ्या बाजूने काम पूर्ण झालं होतं. तपासणीचे पैसे काकांनी दिले, रिपोर्ट काकांचा. धंद्याची रीत अशीच आहे.

होळीनंतर तीच गाडी टोच्या हुकावर परत आली. मी नंबर बघायच्या आधी समोरच्या बंपरवरचा ओरखडा ओळखला. आता ती एका तरुण मुलाची होती, वाघोडिया रोडला त्याचं फर्निचरचं काम. साडेबारा लाख दिले होते त्याने, त्यातले नऊ कर्जाचे. मुलगा मराठीच, मला दादा म्हणत होता. तक्रार अशी की दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि आता एअरबॅगची लाइट यायला लागलीय. “दादा, बॅटरीचं बघा, आणि ती लाइट तेवढी घालवून टाका. बायकोला भीती वाटते.”

बॅटरी उतरण्याचं कारण सॅमच होतं. रात्री गाडी लॉक केल्यावर सगळी मॉड्यूल्स झोपायला हवीत. सडलेल्या पिनांमुळे हे एक झोपतच नव्हतं आणि करंट खात होतं. लाइट आली होती ती तिसऱ्या कपलरमुळे, सीटबेल्टच्या बकलकडच्या. त्याच्यापर्यंत रेझिस्टरवाला पोचला नव्हता.

मी त्याला ऑफिसात बसवलं आणि जानेवारीचे फोटो दाखवले. चासी नंबर जुळवून दाखवला. तो फोटो पुढे-मागे करत राहिला. मग त्याने विचारलं, “दादा, तुम्हाला हे माहीत होतं. मग कुणाला सांगितलं का नाही?”

मी काय उत्तर दिलं ते मला धड आठवत नाही. पण हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

सांगायचं कुणाला? दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते. पैसे देऊन मोकळी होते, सांगाडा लिलावात जातो. मोटार वाहन कायद्याच्या 55 व्या कलमात लिहिलंय की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवावं. पण बुडालेली गाडी निकामी दिसत नाही. ती धुतली की पांढरी शुभ्र दिसते. आरसी चालू राहते, आणि आरसी चालू असलेली गाडी विकता येते. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला तर मालक कितवा, कर्ज आहे का, विमा कधीपर्यंत, एवढं दिसतं. क्लेम झाला होता का, हे दिसत नाही. ज्यांना माहीत असतं ती विमा कंपनी घेणाऱ्याला सांगत नाही, आणि घेणाऱ्याला विचारायला जागा नाही.

एकच खिडकी मला सापडली आहे, ती मी आता प्रत्येकाला सांगतो. विकणाऱ्याच्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. हा बोनस 20 टक्क्यांपासून चढत 50 पर्यंत जातो, आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. आधीच्या वर्षी 50 आणि पुढच्या वर्षी शून्य असेल तर मधे काय झालं ते विचारा. पॉलिसी दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून गाडी घेऊ नका. टोटल लॉसनंतर मालकच बदललेला असतो, तेव्हा आधीच्या मालकाची पॉलिसी मागावी लागते, कारण बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो.

त्या मुलाने विचारल्यानंतर मी एक वही सुरू केली आहे. तपासलेल्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर आणि पाण्याच्या, मीटरच्या, एअरबॅगच्या खुणा. कुणी चासी नंबर घेऊन आला तर पैसे न घेता बघून सांगतो. आमच्या लाइनीतल्या दोघांना सांगितलं, तुमच्याकडचंही द्या. एकाने दिलं. दुसरा म्हणाला, दलाल काम देणं बंद करतील. त्याचं म्हणणं खोटं नाही, माझ्याकडे त्यांची कामं कमी झाली आहेत.

गाडी माझ्याकडेच उभी आहे. एअरबॅगचे तिन्ही कपलर नवे टाकले, रेझिस्टर काढून पिशवीत सील करून ठेवले. सॅम अजून बदललेला नाही, कारण फ्लोअरचं पूर्ण वायरिंग बदलल्याशिवाय नवा सॅम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, आणि त्या वायरिंगचा खर्च ऐकून मुलगा गप्प झाला. त्याच्या वकिलाचं म्हणणं, ग्राहक आयोगात जाऊ, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. दलालाने दिलेल्या पावतीवर ‘जशी आहे तशी’ असं लिहून घेतलंय, त्यावरून अडेल असं तो म्हणतो. मी दोन्ही वेळचे स्कॅन रिपोर्ट सहीशिक्क्यासह दिले आहेत. काकांनाही विचारलं, जानेवारीचा रिपोर्ट तुमच्या पैशांचा होता, तो देऊ का? ते म्हणाले, “दे. आणि लागलं तर मीही येतो सांगायला.”