हिरोशिमाला एक अख्खा दिवस

जपानहून परत आल्यापासून फोटो दाखवायला बसले, की क्योतोच्या देवळांपाशी सगळे रमतात आणि हिरोशिमाचे फोटो आले की कोणीतरी विचारतंच, "सुट्टीत तिथे कशाला गेलात? मन खिन्न नाही झालं?" परवा भाचीनेही तेच विचारलं. तिची सहल ठरते आहे आणि तिच्या आखणीत हिरोशिमाच्या वाट्याला तीन तास आलेत. सकाळी अणुबॉम्बमधून उभा राहिलेला पडका घुमट पाहायचा, अणुबॉम्बच्या संग्रहालयातून भरभर फिरायचं आणि दुपारी जवळच्या मियाजिमा बेटाची बोट पकडायची. तू विचारलंस म्हणून सांगते गं, तसं करू नकोस. मियाजिमाच्या देवळाचं समुद्रात उभं असलेलं लाल प्रवेशद्वार सुंदरच आहे, पण त्याला दुसरा दिवस दे. हिरोशिमाला एक अख्खा दिवस हवा.

हो, मन खिन्न होतं. संग्रहालयात एक जळालेला डबा आहे. अॅल्युमिनियमचा, आपल्याकडे शाळेत न्यायचे तसाच. त्यातलं जेवण कोळसा होऊन आत तसंच राहिलं आहे. ६ ऑगस्ट १९४५ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब फुटला, तेव्हा ज्याचा हा डबा, तो शाळकरी मुलगा कामावर होता. शाळेतली मुलं त्या दिवसांत घरं पाडून रस्ते मोकळे करण्याच्या कामाला लावली होती, हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून. त्याचा देह आईला सापडला तेव्हा हा डबा त्याच्याखाली होता. पंचवीस वर्षं मी रोज सकाळी दोन डबे भरले आहेत. त्या काचेपुढून मला लवकर हलता आलं नाही. पुढे एका तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल आहे. तो गेल्यावर वडिलांनी ती त्याच्याबरोबर अंगणातच पुरली होती आणि चाळीस वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली. १९४५च्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली असा अंदाज आहे. हा आकडा शाळेपासून पाठ होता. तो कळला मात्र त्या डब्यापाशी.

म्हणूनच संग्रहालय सकाळी उघडल्या उघडल्या पाहावं. तिकीट फक्त २०० येन आहे, ते आधी ऑनलाइन काढून ठेवलं तर रांग टळते. तिथून बाहेर पडल्यावर लगेच कुठली गाडी गाठायची नसावी. संग्रहालयासमोरच्या बागेत बसायला वेळ हवा. ही बाग आणि संग्रहालय केन्झो तांगे या वास्तुविशारदाची रचना. बागेतल्या, मृतांच्या स्मारकाच्या कमानीपुढे उभं राहिलं की कमानीतून मधली ज्योत आणि तिच्या मागे नदीपलीकडचा घुमट एका रेषेत दिसतात. ज्योत १९६४पासून तेवते आहे, जगातलं शेवटचं अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत ती विझवायची नाही असं ठरलं आहे. लोक येतात, हात जोडतात, मान लववतात. आपल्याला काही शिकवावं लागत नाही, हात आपोआप जुळतात.

संग्रहालयाजवळच्या आओगिरीच्या झाडांपाशी मात्र फारसं कोणी थांबत नाही. ही झाडं टपाल-तार खात्याच्या कचेरीच्या आवारात होती, स्फोटाच्या जागेपासून सव्वा-दीड किलोमीटरवर. खोडांची स्फोटाकडची बाजू जळून पोकळ झाली. पुढच्या वसंतात त्यांना पालवी फुटली. १९७३मध्ये ती इथे आणून लावली. मी गेले तेव्हा एक आजी तिथे नातीला काहीतरी सांगत होत्या. भाषा कळत नव्हती, पण त्यांचा हात खोडाच्या जळक्या बाजूवरून फिरत होता.

घुमटापासून दोन-तीन मिनिटांवर एका गल्लीत एक फलक आहे. याच जागेच्या वर सुमारे ६०० मीटरवर बॉम्ब फुटला. फलकाशेजारी दवाखाना आहे. तेव्हाही तिथे दवाखानाच होता. मी उभी होते तेवढ्या वेळात एक बाई सायकलवरून भाजी घेऊन गेल्या. खिन्न झालीस का, असं विचारणाऱ्यांना मी याच गल्लीबद्दल सांगते.

आता जेवणाचं. ओकोनोमियाकी खाल्ल्याशिवाय तिथून निघू नये. तव्यावर धिरड्यासारखा पातळ थर, त्यावर कोबीचा डोंगर, मोड आलेले मूग, डुकराच्या मांसाचे काप, मग नूडल्स, अंडं आणि वर दाट, गोडसर सॉस. समोर तव्यावरच भाजतात आणि छोट्या उलथन्याने तुकडे करत खायचं. युद्धाआधी हा पोरांचा साधा खाऊ होता. युद्धानंतर तांदूळ मिळेना, अमेरिकेकडून आलेलं गव्हाचं पीठ होतं, तेव्हा त्यात कोबी घालून त्याचं पोटभरीचं जेवण झालं. मांस नको म्हटलं तर घालत नाहीत. पण पिठावर माशांची पूड भुरभुरवतात, सॉसमध्येही काही असू शकतं. शाकाहारी असाल तर आधीच विचारा.

आणि सगळीकडे ट्रामने फिरा. माझे आजोबा बोरीबंदर-दादर ट्रामच्या गोष्टी सांगायचे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, मी ती पाहिली नाही. हिरोशिमाने आपली ट्राम जपली. क्योतो, ओसाका, कोबे या शहरांनी ट्राम बंद केली, तेव्हा तिथल्या गाड्याही घेतल्या आणि त्यांचे जुने रंग तसेच ठेवले. युद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा ट्राम कंपनीने १९४३मध्ये मुलींची शाळा काढली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली अर्धा वेळ शिकायच्या, अर्धा वेळ गाडीत कंडक्टर व्हायच्या, काही तर गाडी चालवायच्या. बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, शहराच्या पश्चिमेला एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. त्या गाड्यांतही या मुली होत्या.

बॉम्बने नुकसान झालेल्या आणि दुरुस्त केलेल्या गाड्यांपैकी ६५१ आणि ६५२ या दोन अजूनही प्रवासी नेतात, बहुतेक सकाळच्या गर्दीच्या वेळी. त्यासाठी मी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी लवकर थांब्यावर जाऊन उभी राहिले. चार-पाच गाड्या सोडल्या. मग ६५२ आली. गणवेशातल्या दोन मुली आधी चढल्या, त्यांच्यामागे मी. त्यांच्यातली एक खिडकीला टेकून वहीत काहीतरी घाईघाईने लिहीत होती. घुमट आला तेव्हाही तिने मान वर केली नाही. तिचा थांबा आला, वही दप्तरात कोंबली आणि मैत्रिणीचा हात धरून ती उतरली.