खाली ऊस, वर सेसना

सोलापुरात विमानाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. कारण चिमणी. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची ती नव्वदेक मीटरची चिमणी विमानाच्या वाटेत येते का नाही, यावर सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर इतकी वर्षं वाद झाले, की फनेल, ॲप्रोच, ऑब्स्टॅकल हे शब्द पानपट्टीवाल्यालाही पाठ झाले. 15 जून 2023 ला चिमणी पाडली, 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, आणि शहरातले सगळे विमानतज्ज्ञ बेकार झाले. त्यामुळे मी पायलटचं लायसन्स काढतेय म्हटल्यावर कुणी थक्क वगैरे झालं नाही. सल्ले मात्र भरपूर आले.

माझा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं. शाळेतली एक मैत्रीण म्हणाली, "काय बे, एअर इंडिया घेणार का तुला आता?" नाही घेणार. कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात, ते वेगळं प्रकरण. मी काढलं ते खासगी. त्यावर कुणाकडून एक रुपया भाडं घेता येत नाही, फक्त आपले पैसे घालवता येतात. आमच्या घरात हा मुद्दा बराच काळ चर्चेत होता.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. दहावी पास, वय 17 पूर्ण, क्लास टू मेडिकल म्हणजे ठरलेली डॉक्टरी तपासणी, किमान 40 तास उड्डाण, हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान आणि विमानाची यंत्रणा यांची परीक्षा, पास व्हायला शंभरात 70, आणि रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स. माझ्यापुरतं सगळ्यात अवघड काय होतं? कारखान्यातून वेळ काढणं. सोलापुरात फ्लाइंग स्कूल नाही, म्हणून बारामती. आदल्या रात्री टेंभुर्णी, इंदापूर करत जायचं, चार तास झोपायचं आणि उजाडायच्या आत हँगरवर उभं राहायचं.

पहाटेच का, ते पहिल्या उन्हाळ्यात कळलं. आपण सोलापूरकर 42 अंश म्हटलं की पंखा वाढवतो आणि पन्हं पितो. विमानाला मात्र ते सहन होत नाही. गरम हवा विरळ असते, पंखाखाली धरायला काही राहत नाही, इंजिनालाही श्वास कमी पडतो. सोलापूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर. या उंचीला प्रमाण तापमान 12 अंश धरतात. 42 म्हणजे 30 अंश जास्त, आणि दर अंशाला विमानतळाच्या उंचीत अंदाजे 120 फूट वाढवायचे, कारण विमानाला हवा तेवढ्या उंचीवरची वाटते. बेरीज पाच हजार फुटांच्या वर जाते. म्हणजे मे महिन्यात दुपारी होटगी रस्त्यावर उभं असलेलं विमान हिशेबानं महाबळेश्वरपेक्षा उंचावर असतं. फक्त महाबळेश्वरचा गारवा तेवढा नाही.

आमचं शिकायचं विमान सेसना 152, त्याचं इंजिन 110 हॉर्सपॉवरचं. पुस्तकात लिहिलंय की समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत, ते मिनिटाला 715 फूट चढतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये दहा वाजता ते कसंबसं चढत होतं, आणि मध्येच एखाद्या तापलेल्या नांगरटीवरून गेलं की खालून कुणी तरी लाथ घातल्यासारखं उडायचं. पुढे उजनीच्या पाण्याची कड आली की तेच विमान बसायचं. जमिनीवर आपल्याला ढेकळं आणि पाणी डोळ्यांनी दिसतात, तिथे ती बुडाखालच्या सीटला कळतात.

मला त्या सगळ्यात आवडतं ते पहाटेचं पेट्रोल काढणं. विमान रात्रभर उभं असतं, टाकीत दव धरून पाणी साचलेलं असू शकतं. पंखाखाली वाकून छोट्या पारदर्शक कपात थोडं इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. हे पेट्रोल निळं असतं, मुद्दाम रंग घातलेला. पाणी असलं तर तळाशी थेंब वेगळा होऊन बसतो, पारा बसावा तसा. आणि सगळा कप बिनरंगाचा दिसला तर ते आपलं पेट्रोलच नाही. मी डाइंग हाउसमध्ये शेड बघण्यात वीस वर्षं घालवलीत, त्यामुळे या एका कामात आमच्या इन्स्ट्रक्टरनी मला कधी टोकलं नाही. ते वयानं माझ्या पुतण्याएवढे. ते मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना सर. दोघांनाही त्यात काही विचित्र वाटायचं नाही, कारण चूक झाली की ते पुतण्यासारखे बोलायचे नाहीत.

मग मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा, ती दोन असतात. 1700 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, इंजिन धरायचं, चावी एका मॅग्नेटोवर नेऊन किती आरपीएम पडतात ते बघायचं, मग दुसऱ्यावर. 125 पेक्षा जास्त पडले तर आज घरी.

पण खरी गंमत वर होती. दोन-अडीच हजार फुटांवर छान चाललंय, लांब साखर कारखान्याचा धूर दिसतोय, आणि सर काही न बोलता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढतात. "इंजिन गेलं. कुठे उतरणार?" नाक खाली, 60 नॉट म्हणजे ताशी 60 सागरी मैल धरायचे, म्हणजे हजार फुटांमागे दीड सागरी मैल तरंगता येतं. तेवढ्यात शेत निवडायचं.

आणि खाली आपला जिल्हा. हिरवं दिसतंय म्हणून भुलायचं नाही. ऊस दहा फुटी असतो, चाकं त्यात गुंतली की विमान उलटं. द्राक्षबाग वरून गालिच्यासारखी सपाट दिसते, पण तो मांडव, खाली लोखंडी अँगल आणि आडव्या-उभ्या तारा. डाळिंबाच्या ओळींत जागा दिसते ती पंखाला पुरत नाही. कंदरकडे केळी. शेततळं तर नकोच, प्लास्टिकवर चाक काय पाय ठरत नाही. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब शोधायचे आणि मधे तार आहे असं धरूनच चालायचं. वारा कुठून आहे ते कारखान्याच्या चिमणीचा धूर सांगतो, किंवा कुणी उसाचं पाचट पेटवलेलं असतं ते. सोलापूरकरानं वाऱ्यासाठी चिमणी शोधावी, हे मी चहाच्या गाड्यावर अजून कुणाला सांगितलेलं नाही.

राहिली ज्वारी. काढणी झालेलं ज्वारीचं रान हे उत्तम. धसकटं असली तरी जमीन बसलेली असते. नांगरून टाकलेलं रान मात्र वाईट, आपल्या काळ्या मातीच्या ढेकळांत पुढचं चाक रुतलं की संपलं. उतरायचंच झालं तर पेरणीच्या तासांना समांतर, आडवं कधीच नाही.

मी हे माहेरी आण्णांना सांगत होते. मोहोळ तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन, आण्णा सगळा जन्म तिथेच राबले. ते म्हणाले, "आणि बांध? बांधाचं काय करतीस?" सरांनी झाडं, तारा, उतार, वारा सगळं शिकवलं होतं. दोन फुटी बांध वरून नीट दिसत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. आण्णांनी वाटण्यांचं गणितच मांडलं. भाऊ-भाऊ वाटून घेतात तेव्हा सगळ्यांना विहिरीकडची बाजू पाहिजे, सगळ्यांना रस्ता पाहिजे, म्हणून रानाच्या लांबच लांब पट्ट्या पडतात. वीस मीटर रुंद, दोनशे मीटर लांब झाली एक एकर. आणि माझ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत दहा मीटर, उतरल्यावर धावायला पुस्तकाप्रमाणे 475 फूट, म्हणजे दीडशे मीटरच्या आत. बसतं की! "म्हंजे भांडणाचा कुणाला तरी उपयोग झाला," आण्णा म्हणाले. पुढच्या वेळी सरांनी थ्रॉटल ओढल्यावर मी वाऱ्याच्या दिशेतली पट्टी शोधली, बांधाच्या लांबीला धरून विमान खाली आणलं, आणि पाचशे फुटांवर पुन्हा ताकद देऊन वर घेतलं. सर म्हणाले, "हे कुठे वाचलंत?"

लायसन्ससाठी एकटीनं लांबचं उड्डाण करावं लागतं, एकूण किमान 150 सागरी मैल, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. मी बारामती, सोलापूर, लातूर आणि परत असं केलं. हिवाळ्यात केलं, हवा शांत, पंखावर हात ठेवल्यासारखं विमान. बारामतीहून सोलापूरची रेघ नकाशावर ओढली तर ती उजनी धरणाच्या थोडी दक्षिणेकडून जाते, मग टेंभुर्णी, मग जवळजवळ महामार्गाला धरूनच मोहोळ. नेव्हिगेशनचा अभ्यास मी जीव तोडून केला होता, आणि प्रत्यक्षात एसटीचा रस्ता वरून बघत आले. भीमा उजवीकडे पंढरपूरला निघून गेली. मोहोळनंतर सीना. सोलापूर टॉवरशी बोलले, तेव्हा खाली कंबर तलाव आणि डावीकडे सिद्धेश्वर, पाण्यात मधोमध देऊळ, बाजूला किल्ला. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेची, तयारी चालली होती, होम मैदानावर पाळण्याचे सांगाडे उभे होते. दीड हजार फुटांवरून आकाशपाळणा फार बुटका दिसतो.

उतरले, फॉर्म भरले, पाणी प्याले. कारखाना तिथून गाडीवर वीस मिनिटांवर, पण जायला परवानगी नव्हती आणि वेळही नव्हता. कारखान्यात माग सांभाळणाऱ्या जॉबर काकांना फोन केला तर ते म्हणाले, "आक्का, आलाच आहात तर यार्नच्या चेकवर सही करून जावा."

आता आण्णांना न्यायचंय. 152 मध्ये दोनच सीट, आणि सगळ्या सामानासकट, माणसांसकट 757 किलोच्या वर जायचं नाही. आमच्या विमानाचं रिकामं वजन 520 च्या आसपास, पूर्ण टाकी 67 किलोची, मी 68, आण्णा 96. कागदावर कसंबसं बसतं. मेमध्ये मी नेणार नाही. अर्धी टाकी भरून, दिवाळीनंतर, पहाटे, एवढं ठरलंय. आण्णांना पटलं, तोवर ज्वारी उगवून वर येईल, म्हणजे बघायला काही तरी असेल म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, 96 मध्ये नाष्टा धरलाय का.