पोर्ट एकच, ऐकणारे दोन

लातूरच्या आमच्या ऑफिसात आडतीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बनतं. सोयाबीनचं वजन, बारदाना, हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी काढायची. पट्टी चुकली की पैसे गरिबाचे जातात, म्हणून टेस्टच्या, म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का हे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामच्या, बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

बारदान्याच्या वजावटीची टेस्ट बिल्ड मशीनवर, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र करून तपासणाऱ्या कॉम्प्युटरवर, लाल (नापास) आणि धाकट्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर हिरवी (पास). "मॅडम, मशीनच गंडलंय, स्किप करू का?" वरिष्ठांनी लगेच मान डोलावली. आमच्याकडे हे फार चालतं, लाल दिसलं की आधी मशीनवर ढकलायचं.

मी सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर कुठला प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर (त्या पत्त्यावरच्या दाराच्या नंबरावर) ऐकतोय याची यादी काढली. पोर्ट ३००० दोनदा! एकदा १२७.०.०.१ वर, एकदा ::१ वर. पहिला पत्ता आयपीव्ही४चा, दुसरा आयपीव्ही६चा; नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या या जुन्या आणि नव्या पद्धती. दोन्ही म्हणजे हेच मशीन, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी ते वेगळे. त्यामुळे दोघांनाही तोच पोर्ट मिळतो, 'पोर्ट वापरात आहे' ही एररसुद्धा येत नाही.

टेस्टने नवा सर्व्हर १२७.०.०.१ वर उभा केला होता आणि विचारत होती 'लोकलहोस्ट'ला, म्हणजे 'हेच मशीन' अशा अर्थाच्या नावाला. आमचा कोड ज्यावर चालतो त्या नोडमध्ये आवृत्ती १७ पासून, म्हणजे २०२१ पासून, नावाचे पत्ते सिस्टिम देईल त्याच क्रमाने घेतले जातात. आधी आयपीव्ही४ पुढे काढला जायचा. इथे ::१ पहिला आला. त्यावर दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालू राहिलेला जुना सर्व्हर बसला होता आणि जुन्या कोडची बरोबर उत्तरं देत होता. नव्या कोडची गाठच पडली नव्हती. बिल्ड मशीनवर टेस्ट ज्या वेगळ्या कप्प्यात चालतात, त्या कंटेनरमध्ये आयपीव्ही६ बंद, म्हणून तिथे खऱ्या सर्व्हरला विचारणा झाली. त्यात बारदाना दोनदा वजा होत होता.

"सगळीकडे १२७.०.०.१ टाकून द्या," असंही सुचवून झालं. मग आयपीव्ही६ची बाजू कोण तपासणार? मी पोर्ट ० मागितला; सिस्टिम मोकळा पोर्ट देते. सर्व्हर सांगेल तोच पत्ता टेस्ट वापरते, ::१ असेल तर यूआरएलमध्ये चौकटी कंसात. सगळा संच दोन्ही पत्त्यांवर चालतो. आयपीव्ही६ नसेल तिथे तो भाग वगळल्याचं ठळक छापून येतं.

सोयाबीनची आवक तोंडावर आहे. आधीच्या हिरव्या टेस्टपैकी जुन्या सर्व्हरशी कुठल्या बोलत होत्या, ते एकेक करून बघतेय. हमालीची झाली, तोलाईची राहिलीय.