मूळची चेन नाही, तरी का घेतलं?

माझ्या मनगटावरचं घड्याळ ओळखणारा माणूस सांगलीत महिन्या-दोन महिन्यांतून एखादा भेटतो. भेटला की खूश होऊन म्हणतो, "सिकोचं जुनं डायव्हर ना हे?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "ओरिजिनल चेन कुठाय?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. "अहो, मग घेतलंत कशाला?" परवा कुपवाडला चहाच्या गाड्यावर हेच झालं. शिफ्टची घाई होती, उत्तर अर्ध्यावर राहिलं. ते आज इथे पूर्ण करतो.

घड्याळ म्हणजे सिको या जपानी कंपनीचं ६३०९-७०४०. हे मॉडेल १९७६ पासून १९८८ पर्यंत निघत होतं. सिकोने पाण्यात खोल उतरणाऱ्या माणसांसाठीचं पहिलं घड्याळ, म्हणजे डायव्हर, १९६५ मध्ये काढलं, १५० मीटर खोलीचं. हे त्याच घराण्यातलं, तेवढ्याच खोलीचं. बॉडी उशीसारखी फुगीर. चावी तीनच्या जागी नसून चारपाशी आहे आणि ती आट्यांवर घट्ट बसते. याला किल्ली देता येत नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. ज्याला हे ठाऊक नसतं तो चावी फिरवून बघतो आणि 'बंद पडलंय' म्हणून परत देतो. मागच्या झाकणावर नंबर असतो, त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. माझा नंबर ३२ ने सुरू होतो. त्या बारा वर्षांत तीनने संपणारं साल एकच, म्हणजे हे घड्याळ फेब्रुवारी १९८३ चं.

ज्यांचं होतं ते काका मारुती चौकाच्या बाजूला राहतात. ऐंशीच्या दशकात ते बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर पाणबुडे म्हणून कामाला होते. घड्याळ दुबईत घेतलं, स्टीलच्या चेनीसकट. हेच मॉडेल रबरी पट्ट्यावरही मिळायचं, पण काकांना चेन हवी होती. पुढे चेन ढिली पडली, मनगटावर गोल फिरायला लागली, तेव्हा त्यांनी ती काढून डब्यात ठेवली आणि नायलॉनचा पट्टा लावला. डबा, बिल, खोकं सगळं खालच्या मजल्यावर लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात होतं.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. मारुती चौकातल्या लोकांना पाणी नवीन नाही, २००५ त्यांनी पाहिलेलं होतं, पण हे त्याच्याही वर. काका-काकू वरच्या मजल्यावर होते, नंतर बोटीतून बाहेर आले. घड्याळ काकांच्या हातात होतं. पाणी ओसरल्यावर खालच्या खोल्यांत घोट्याच्या वर चिखल. कपाट आडवं झालेलं, दार निखळलेलं. फावड्यांनी ओढून तो चिखल ट्रॉल्यांत भरून गेला, त्यात डबाही गेला. त्या आठवड्यात सांगलीत कोणी चेन शोधत बसलं नाही.

तर चेन नाही ती अशी नाही. पण 'कशाला घेतलंत' याचं उत्तर यात येत नाही, ते दुसऱ्या एका घड्याळात आहे.

मी काकांचं घड्याळ घ्यायचा विचार करत होतो त्याच सुमारास दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडे हेच मॉडेल चेनीसकट होतं, बारा हजार रुपये जास्त. फोटोत नव्यासारखं चमकत होतं. मी मुद्दाम एक सुट्टी टाकून बघायला गेलो. हातात घेतलं आणि अंगठ्याचं नख बॉडीच्या कडेवरून फिरवलं. या बॉडीचा वरचा भाग घासकामाचा असतो, रेघा मधून बाहेर गेलेल्या, बाजू आरशासारखी. हे दोन भाग भेटतात तिथे एक धार असते, नखाला लागते. तिथे धारच नव्हती. नख लोण्यावरून फिरावं तसं घसरलं. पट्टा जिथे अडकतो त्या कानांची टोकं गोल झाली होती. पट्ट्याच्या पिनांची भोकं एका बाजूला कडेच्या जास्त जवळ आली होती, म्हणजे एका बाजूने धातू जास्त खाल्ला होता. कोणीतरी बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, धरून मनसोक्त चमकवलं होतं. विक्रेता मात्र चेनीचं बकल उघडून दाखवत होता.

मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात अचूक मापाचे सुटे भाग करतात तिथे, काम करतो. आमच्याकडे पोरगं नवीन लागलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकतं. शाफ्ट (गोल दांडा) ओव्हरसाइज, म्हणजे मापापेक्षा जाड राहिला तर परत मशीनवर चढवता येतो. अंडरसाइज, म्हणजे बारीक झाला की तो भंगाराच्या पेटीत जातो. काकांच्या घड्याळात जे नव्हतं ते कधीही जोडता येण्यासारखं होतं. त्या चमकणाऱ्या घड्याळाचं जे गेलं होतं ते कुठल्याही किमतीत परत येणार नव्हतं. काकांच्या बॉडीवर ओरखडे भरपूर आहेत, डाव्या बाजूला एक खोल ठेच आहे, पण धार शाबूत आहे. डायल आणि काटे यांच्यावरचा रेडियम एकाच रंगाचा पिवळसर पडलाय, म्हणजे दोन्ही एकत्रच म्हातारे झालेत. (रेडियम आपण म्हणतो, तो खरा रेडियम नव्हे, अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आपल्याकडे तोच शब्द.) काटे नवे आणि डायल जुनी असती तर मी तिथेच थांबलो असतो.

वाचलेल्या बारा हजारांतून मशीनची पूर्ण सर्व्हिस झाली, चावीचं आणि झाकणाचं रबर बदललं. हे रबर चाळीस वर्षांत दगड होतं. झाकणावर १५० मीटर कोरलेलं असलं तरी ते नव्या रबराच्या भरवशावर. जुनं डायव्हर घेतलंत तर आधी रबर बदलून प्रेशर तपासून घ्या, मगच नदीत उतरा. काही जण चेनीसाठी हजारो रुपये घालतात आणि त्याच घड्याळासकट घाटावर पोहतात. मला ते बघवत नाही.

आता चेनीबद्दल. लोक म्हणतात चेन 'ताणली'. स्टील मनगटाच्या ओढीने ताणत नाही. त्या काळच्या बऱ्याच चेनींच्या कड्या भरीव नव्हत्या, पत्रा दुमडून केलेल्या होत्या. त्यांत घाम आणि धूळ शिरते. तेल आणि बारीक खडी यांचा लेप लावून आम्ही धातू हळूहळू घासतो, त्याला लॅपिंग म्हणतात, तोच प्रकार चेनीत वर्षानुवर्षं आपोआप चालतो. पिन बारीक होते, भोक लांबट होतं. एकेका सांध्यात केसभर फट पडते, आणि पंधरा-वीस सांधे मिळून चेन लोंबते. तशी चेन घालून पाण्यात जाणं धोक्याचं. शिवाय चेनीचं टोक कानांच्या आतल्या बाजूला घासून चर पाडतं. काकांचं घड्याळ अर्धं आयुष्य नायलॉनवर राहिलं म्हणूनही ते कान चांगले राहिले असावेत.

चेनीला किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. रोलेक्सच्या साठच्या दशकातल्या सबमरीनर या डायव्हर घड्याळाच्या बकलात तिमाही आणि साल ठोकलेलं असायचं. तिथे चेनीचं साल घड्याळाच्या सालाशी जुळतं की नाही यावर मोठा फरक पडतो आणि तो पडायलाही हवा. जिनिव्हाच्या गे फ्रेर या कारखान्याने कितीतरी नामांकित कंपन्यांना चेनी करून दिल्या. १९९८ मध्ये तो कारखानाच रोलेक्सने घेतला. तसलं कसब असलेली चेन हरवली तर हळहळ वाटणारच. पण तिथेही घड्याळाची किंमत वेगळी आणि चेनीची वेगळी धरा. दोन्हींची एकच रक्कम सांगणारा विक्रेता असेल तर त्याला फोड करून मागा.

माझ्या घड्याळावर आता काळा रबरी पट्टा आहे, लहरी असलेला. या लहरी दिसायला म्हणून नाहीत. खोल पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, पाणबुड्याचा रबरी पोशाख चेपतो आणि वर घातलेलं घड्याळ सैल होतं. लहरी आधी ताणलेल्या असतात, त्या आवळून येतात. सिकोने हा पट्टा १९७५ मध्ये आपल्या ६०० मीटरच्या टायटॅनियमच्या घड्याळासोबत आणला. पट्टा २२ मिलिमीटरचा. पिना मात्र जाडच घ्या, अडीच मिलिमीटरच्या. कोपऱ्यावरच्या दुकानातली नेहमीची बारीक पिन बसते, पण तिचं टोक त्या भोकात खुळखुळतं आणि एक दिवस घड्याळ हातातून जातं.

व्यवहार झाल्यावर काकूंनी वरच्या मजल्यावरून शिवणाचा डबा आणला. बटणांत कागदाची एक पुडी होती. आत चेनीच्या दोन कड्या. दुबईच्या दुकानदाराने काकांच्या मनगटाला बसावी म्हणून काढून दिलेल्या. पुराच्या वर राहिल्या होत्या त्या. मी त्या भिंगाखाली धरल्या. भोकं अगदी गोल, कडेला कारखान्यातल्या कापाची बारीक खरखर तशीच. या कड्या कधी मनगटावर चढल्याच नाहीत.

काकांनी पैसे घेतले नाहीत. त्या कड्या मी त्याच पुडीत ठेवल्यात. ती चेन कोणाकडे असेल आणि मनगटाला आखूड पडत असेल तर घेऊन या, बसवून देतो.