तक्त्यात नसलेल्या गोष्टी

विंडोज सोडून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर नव्याने आलेल्या माणसाच्या हातात कुणी ना कुणी एक तक्ता ठेवतं. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, फोटोशॉपच्या जागी गिम्प, पेंटच्या जागी कोलूरपेंट. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ ने नाकारलेले धडधाकट लॅपटॉप घेऊन जे इकडे वळले, त्यांनाही हाच तक्ता मिळाला असणार. तक्ता खोटा नसतो. एक्सेलच्या मॅक्रोंवर ज्यांचं सगळं काम चालतं ते लगेच कुरकुरतात, फोटोशॉपवाले त्यांच्याही आधी. पण आपलं काय गेलं हे त्यांना नीट सांगता तरी येतं. खरी पंचाईत होते ती तक्त्यात न बसणाऱ्या बारीकसारीक गोष्टींची. त्यांचं नाव आपण कधी घेतलेलं नसतं, त्या फक्त बोटांना ठाऊक असतात.

माउसचं चाक घ्या. विंडोजवर लांबलचक पान वाचताना चाक दाबलं की एक छोटं गोल चिन्ह उमटतं. माउस किंचित खाली सरकवला की पान आपोआप वाहू लागतं. लिनक्सवर तेच केलं तर पान जागचं हलत नाही. उलट कर्सर लिहिण्याच्या चौकटीत असेल, तर मघाशी दुसरीकडेच कुठेतरी निवडलेला मजकूर तिथे येऊन पडतो. आता हे हवं असेल तर शोधायचं कसं? ‘चाक दाबल्यावर येणारं ते गोल’ असं टाइप करून फार काही हाती लागत नाही. त्याला ऑटोस्क्रोल म्हणतात हे एकदा कळलं की मात्र काम सोपं आहे. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ते एका खुणेवर चालू होतं. लिनक्सवर ते आपणहून चालू नसतं, कारण इथे चाकाला आधीच दुसरं काम दिलेलं आहे.

ते दुसरं काम जुनं आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, आणि तिच्या परंपरेत कॉपी केलेल्या मजकुराच्या दोन वेगळ्या जागा मानल्या जातात. एक कंट्रोल-सी दाबल्यावर भरणारी. दुसरी नुसता मजकूर निवडला तरी भरणारी आणि चाक दाबलं की रिकामी होऊन समोर येणारी, म्हणजे प्रत्यक्षात रिकामी होत नाही, पण नवख्याला तसंच वाटतं. यात आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायला वेळ लागतो. मजकूर कॉपी करायचा, खिडकी बंद करायची, दुसरीकडे जाऊन पेस्ट करायचं, आणि काहीच उमटत नाही. कारण कॉपी करताना मजकूर कुठेच गेलेला नसतो. दुकानदाराने माल काउंटरवर न काढता ‘आमच्याकडे मिळेल’ एवढी पाटी लावावी, तसं त्या प्रोग्रामने फक्त जाहीर केलेलं असतं. मागणी आल्यावर तो मजकूर देतो. प्रोग्राम बंद, दुकान बंद. केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपमधलं क्लिपर किंवा तत्सम क्लिपबोर्ड मॅनेजर मजकूर स्वतःकडे उतरवून घेतो आणि प्रश्न मिटतो. पण विंडोजवर वाढलेल्या माणसाला कॉपी केलेली गोष्ट सांभाळायला वेगळं कुणी नेमावं लागतं, हे सुचणार कुठून?

मॅकवरून येणाऱ्यांचं दुःख वेगळ्या बोटात असतं. फाइलवर स्पेसबार दाबून आत डोकावण्याची २००७ पासूनची सवय. ती भागते, ग्नोम या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमधलं सुशी तेच करतं. कमांडची कळ मात्र भरून निघत नाही. मॅकवर कॉपी करायला कमांड-सी आणि टर्मिनलमधला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतला, प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी, दोघांची कधी गाठच पडत नाही. लिनक्सवर दोन्ही कामं कंट्रोलच्याच गळ्यात. म्हणून टर्मिनलमध्ये कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी दाबायचं. ते बोटांत मुरलं की ब्राउझरमध्येही तेच दाबलं जातं, आणि तिथे पानाची आतली रचना दाखवणारी डेव्हलपर साधनं धाडकन उघडतात. मला विचाराल तर या बाबतीत मॅकची रचना सरळसरळ वरचढ आहे. यावर वाद घालणारे लिनक्सवालेही हळूच कळा बदलून घेतात.

मग रिफ्रेश. विंडोजच्या डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश दाबल्याशिवाय ज्यांचं काम सुरू होत नाही, अशांची जमात फार मोठी आहे. त्याने संगणक वेगवान होत नाही, मेमरी मोकळी होत नाही, आयकॉन पुन्हा रंगवले जातात एवढंच. ग्नोमने तर २०१८ मध्ये ३.२८ आवृत्तीत डेस्कटॉपवरचे आयकॉनच काढून टाकले, म्हणजे पुन्हा रंगवायलाही काही उरलं नाही. उजवं क्लिक केलं तर भिंतीचित्र बदलायचं का, असं तो विचारतो. मिनिमाइझचं बटण तर त्याने २०११ मध्येच काढलं होतं, ते उबुंटूसारख्या लिनक्सच्या वाणांनी परत बसवलं.

पेन ड्राइव्हची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मोठी फाइल कॉपी करायला घ्यावी, पट्टी भराभर पुढे धावावी, काम झालं म्हणून सांगावं, आणि इजेक्ट म्हटल्यावर मिनिटामागून मिनिटं जावीत. लिनक्स मजकूर आधी रॅममध्ये घेतो आणि सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवतो. पट्टी सांगते ती रॅमपर्यंतची बातमी. अशा काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हसाठी विंडोज ही साठवण सहसा बंद ठेवतं, म्हणून तिथे पट्टी हळू चालते पण बऱ्याच अंशी खरं बोलते. घाईत असलेल्या माणसाला हळू आणि खरं हेच हवं असतं.

आणि एवरीथिंग. विंडोजवर फाइली शोधणारा हा छोटासा प्रोग्राम ज्याने वापरला आहे त्याच्यासमोर लिनक्सच्या शोधाची तारीफ करू नये. नावातली दोन अक्षरं टाइप करेपर्यंत लाखो फाइलींतून यादी गाळून समोर. त्यात जादू नाही. विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस स्वतःच सगळ्या फाइलींचं एक कोष्टक ठेवतं, एवरीथिंग फोल्डर धुंडाळण्याऐवजी ते थेट वाचतो, आणि पुढचे बदल फाइल सिस्टिमच्याच रोजनाम्यातून टिपत राहतो. लिनक्सवर शोधासाठी प्लोकेट आहे, वेगातही ते कमी नाही, पण त्याची यादी सहसा दिवसातून एकदाच ताजी होते. म्हणजे जी फाइल आत्ता पाच मिनिटांपूर्वी उतरवली आणि कुठे ठेवली ते आठवत नाही, नेमकी तीच सापडत नाही. सतत लक्ष ठेवायचं तर इनोटिफाय या लिनक्समधल्या सोयीने प्रत्येक फोल्डरवर वेगळा पहारा बसवावा लागतो. एफसर्च हे शोधाचं साधन दिसायला एवरीथिंगच्या जवळचं आहे, मी तेच वापरतो, आणि अधूनमधून अनुक्रमणिका ताजी करून घेतो. जाणकार म्हणतात, फाइली नीट लावून ठेवल्या तर शोधावं लागत नाही. असं म्हणणाऱ्यांचे डाउनलोड फोल्डर मला एकदा पाहायचे आहेत.

उलट दिशेने जाणाऱ्यांचेही असेच हाल होतात, ते फारसं कुणी लिहीत नाही. लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपांवर आल्ट किंवा विंडोजची कळ दाबून धरली की खिडकी कुठेही पकडून ओढता येते. तिचा माथा शोधावा लागत नाही. हे एकदा अंगवळणी पडलं की विंडोजवर बसल्यावर हात त्याच कळेकडे जातो, खिडकी हलत नाही, आणि आतला मजकूरच निवडला जातो. त्यासाठी आल्टस्नॅप नावाचा एक चिमुकला प्रोग्राम मिळतो. घरच्या यंत्रावर तो चटकन टाकता येतो. कचेरीच्या यंत्रावर काहीही टाकायची परवानगी नसते, तिथे मी अजून खिडकीचा माथा शोधतो.