तुम्ही विचारलंत म्हणून: ऑइल कुठलं, ते नंतर बघू

नवी यूटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणारी, बहुधा मागे सामानाचा हौदा असलेली छोटी चारचाकी, दारात आली की थोड्याच दिवसांत प्रश्न येतो, "घरच्या घरी काय काय बघायचं, आणि ऑइल कुठलं घालायचं?" ऑइलचं उत्तर एका ओळीचं आहे: मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तो, आणि वेळेवर. त्यावर तासभर वाद घालणाऱ्याच्या गाडीचा एअर फिल्टर मी हटकून उघडून बघते. बोलण्यासारखं खरं तिथं सापडतं.

ही गाडी जन्मभर धुळीतच चालते, बऱ्याचदा पुढच्या गाडीने उडवलेल्या. इंजिन तीच हवा ओढतं. फिल्टरच्या कडेने बारीक धूळ आत गेली तर ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आवाज नाही, दिवा नाही. मग एक दिवस गाडी ऑइल खायला लागते, निळा धूर सोडते, आणि तोवर काम इंजिन खोलण्यापर्यंत गेलेलं असतं.

म्हणून फिल्टर नुसता काढून बघू नका. तो काढल्यावर इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडकं मळलं तर फिल्टर फाटलाय, नीट बसलेला नाही किंवा पाइपाचा क्लॅम्प ढिला आहे. कागदी फिल्टर मळला की सरळ बदला. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागद फाटतो आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, दाबून पाणी काढायचं, पिळायचा नाही. पेट्रोलने तर मुळीच धुऊ नका, जोडाचा डिंक सुटतो आणि आगीची भीती वेगळीच. पूर्ण वाळला की फोम फिल्टरचं खास तेल ओतून, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत मळायचा आणि जास्तीचं तेल दाबून काढायचं. कोरडा फोम धूळ धरत नाही. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर चालू करण्याआधी फिल्टरचा डबा उघडाच. उंदरांना घरटं करायला ही जागा फार आवडते.

पुढचा प्रश्न, "किती किलोमीटरला?" या गाड्यांचा हिशेब तासांवर चालतो, म्हणून मीटरवर तासही दिसतात. दगडधोंड्यांतून दिवसभर रांगलेली गाडी किलोमीटर फारसे दाखवत नाही, पण इंजिन तेवढे तास फिरलेलंच असतं. नव्या गाडीचं पहिलं ऑइल अनेक कंपन्या २०-२५ तासांच्या आसपास बदलायला सांगतात, तो टप्पा चुकवू नका. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. गाडी चालू न करता आधी ते कारण शोधायचं. खोल पाण्यातून काढल्यावर डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइलही तसंच बघा. ते बहुतेक जण विसरतात.

आता बेल्ट. यातल्या बहुतेक गाड्यांत दोन क्लचच्या (इथे क्लच म्हणजे बेल्ट धरणाऱ्या पुली) मधे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा रबरी बेल्ट फिरतो, आणि त्याचा वैरी उष्णता. हौद्यात वजन भरून किंवा चढावर हाय गिअरमध्ये रांगत राहिलात की बेल्ट घसरतो, तापतो, जळका वास येतो. अशा वेळी लो गिअर टाका. माझ्या मते बेल्टची निम्मी देखभाल चालवण्यातच आहे. कव्हरमध्ये पाणी गेलं तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी हलत नाही. तेव्हा कव्हरच्या तळाचा ड्रेन प्लग काढून पाणी जाऊ द्यायचं, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं चढवून बेल्ट वाळवायचा. कव्हर उघडाल तेव्हा बेल्टच्या कडा उसवल्यात का, बाजूंवर काचेसारखी चमक आलीय का, एखाद्या जागी तो जास्त झिजलाय का, एवढं बघा. बेल्टवरच्या बाणाची दिशा लक्षात ठेवा आणि ग्रीसचे हात क्लचला लावू नका.

धुताना प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंग, सील आणि वायरच्या जोडांवर जवळून मारायचा नाही. रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळला तर इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर, साध्या नळीच्या पाण्याने. जोरदार फवाऱ्याने तिथल्या पातळ पट्ट्या वाकतात आणि हवा जायची वाट बंद होते. धुणं चालू असतानाच अ‍ॅक्सलच्या रबरी बुटांवर, म्हणजे सांध्यातलं ग्रीस झाकणाऱ्या रबरी आवरणांवर, हात फिरवा. बूट चिरला की आधी ग्रीस बाहेर उडतं, मग वाळू आत जाते. चिरलेला बूट वेळीच बदललात तर खर्च बुटाचा, नाहीतर अख्ख्या अ‍ॅक्सलचा. धुऊन झालं की सस्पेन्शनच्या ग्रीस निपलची (ग्रीस भरायच्या छोट्या तोट्यांची) तोंडं पुसायची आणि नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत ग्रीस गन मारायची. आतलं पाणी त्यानेच बाहेर पडतं.

चाकाचा खेळ बघायला गाडी सपाट जागी उचला आणि स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे हललं तर बहुधा टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा. टायरमधली हवा थंड असतानाच मोजा. ती मोटारीपेक्षा बरीच कमी असते, कित्येक गाड्यांत १० ते २० पीएसआय, त्यामुळे १०० पर्यंतचा गेज इथे उपयोगाचा नाही, कमी दाबाचा वेगळा घ्या. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असली तर गाडी उभी असताना १२.६ च्या आसपास दाखवते.

ब्रेकचे पॅड चिखलात भराभर झिजतात, ते चाक काढलं की दिसतात. ब्रेक ऑइल मात्र हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. पूर्वी ब्रेकची हवा काढलेली नसेल तर हे काम, आणि पुलर (ओढून काढायचं खास हत्यार) लागतो म्हणून क्लच काढायचं कामही, मी मेकॅनिककडेच द्यायला सांगते.