ड्राग्सहोल्मची एक रात्र आणि तिच्यासाठी घातलेले बावीस दिवस

डेन्मार्कमध्ये जुन्या किल्ल्यात किंवा गढीत मुक्काम करायचा विचार असेल, तर बुकिंगचं बटण दाबण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा : ‘माझी खोली नेमकी कोणत्या इमारतीत आहे?’ हा प्रश्न मी विचारला नाही. तो निस्तरायला मला बावीस दिवस लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी कोपनहेगनला नोकरी करते. गेल्या जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून आले होते. बाबांनी सह्याद्रीतले दीडशेच्या वर किल्ले पायाखाली घातलेत. रात्री गडावरच्या देवळात नाहीतर गुहेत पथारी टाकायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. पण छप्पर शाबूत असलेल्या किल्ल्यात, जिथे माणसं खरोखर राहत होती त्या दालनात, ते कधी झोपले नव्हते. म्हणून मी ड्राग्सहोल्म निवडला. शेलंड बेटाच्या वायव्येला, ओड्सहेरेड भागातला. साधारण १२१५ मध्ये रोस्किल्डच्या बिशपने बांधलेला, म्हणजे वय आठशे वर्षांच्या वर. किल्ला आज हॉटेल आहे आणि तिथे राहता येतं, एवढं मला माहीत होतं.

बुकिंग मी नेहमीच्या एका मोठ्या संकेतस्थळावरून केलं. वर पांढऱ्याशुभ्र भिंतींचा आणि लाल कौलांचा देखणा फोटो, खाली ‘डबल रूम’. दोन खोल्या घेतल्या, एक त्यांना, एक मला. पैसे लगेच कापले गेले, रद्द केल्यास परतावा नाही. आनंदाने बाबांना फोन केला. त्यांनी त्या रात्रीच किल्ल्याचा इतिहास वाचायला घेतला.

दहा-बारा दिवसांनी सहज पुष्टीचा मेल पुन्हा उघडला, तर अगदी तळाला बारीक अक्षरात एक डॅनिश शब्द होता, ‘पोर्टनरबोलिग’. म्हणजे द्वारपालाचं घर. किल्ल्याच्या समोरची वेगळी इमारत. छान आहे, जुनी आहे, पण किल्ला नाही. डॅनिशमध्ये ‘स्लॉट’ म्हणजे किल्ला किंवा राजवाडा. हॉटेलच्या नावात तो शब्द असला की तो अख्ख्या आवाराला लागू होतो, तुमच्या खोलीला नाही. हे तेव्हा कळलं.

मी हॉटेलला लिहिलं. दुसऱ्याच दिवशी नम्र उत्तर आलं : किल्ल्याच्या मुख्य इमारतीत त्या रात्री एक डबल खोली शिल्लक आहे, पण तुमचं बुकिंग त्या संकेतस्थळामार्फत झालंय, त्यामुळे बदल त्यांच्याकडूनच यायला हवा. बरोबर होतं. मग मी संकेतस्थळाच्या चॅटवर गेले. तिथे यंत्र बोलत होतं. ‘आपली विनंती पुढे पाठवली आहे.’ दोन दिवसांनी पुन्हा तेच वाक्य. चौथ्या दिवशी मेल आला की खोलीचा प्रकार बदलण्याचा अधिकार फक्त हॉटेलला आहे. हॉटेलला कळवलं. हॉटेल म्हणालं, अधिकार आम्हाला आहे, पण तुम्ही भरलेले पैसे त्यांच्याकडे आहेत. त्यांनी शुल्कमाफीची विनंती पाठवली की आम्ही लगेच मान्य करतो.

ही ‘शुल्कमाफीची विनंती’ दोन शब्दांत संपते. ती पाठवून घ्यायला मला पुढचे दोन आठवडे लागले.

फोन केला की आधी संगीत. एकदा चाळीस मिनिटं मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ते ऐकलं, आणि माणूस बोलायला लागताच फोन तुटला. दुसऱ्यांदा लागला तर नवा माणूस, नवी कहाणी पहिल्यापासून. एकाने सांगितलं, रद्द करा, पैसे जातील, नवं बुकिंग करा. दुसरीने सांगितलं, हॉटेलला मेल गेलाय. हॉटेलला विचारलं तर काही आलेलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त याचाच त्रास झाला. कुणी ‘नाही’ म्हटलं असतं तर मी दुसरा मार्ग धरला असता. इथे प्रत्येकजण ‘हो, झालं’ म्हणत होता आणि काहीच होत नव्हतं.

इकडे रोज रात्री नाशिकहून फोन. ‘झालं का गं खोलीचं?’

‘होईल बाबा.’

‘नाही झालं तरी चालेल हं. बाहेरून बघू.’

ते असं म्हणाले की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन हातात घ्यायची.

हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी ती खोली शुक्रवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवते म्हणून सांगितलं. शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. संकेतस्थळाला फोन लावला, लागला, आणि या वेळी मी एक गोष्ट वेगळी केली : ‘मी फोन ठेवणार नाही. तुम्ही आत्ता, मी लाइनवर असताना, हॉटेलला फोन करा.’ पलीकडचा मुलगा थोडा थबकला, मग म्हणाला, बरं. सात-आठ मिनिटं शांतता. मग ‘हॉटेलने मान्य केलंय, एका खोलीचे पैसे परत येतील.’ नावासकट मेल आत्ताच पाठव म्हटलं, आणि मेल आल्यावरच फोन ठेवला. लगेच हॉटेलशी थेट बोलून किल्ल्यातली खोली आई-बाबांच्या नावावर केली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी जिन्यातच बसून रडले.

तर, अडकलात तर हेच करा. तिघांना एकाच वेळी फोनवर आणा. मेलामेलीने हे सुटत नाही. आणि मुळात किल्ल्यातली हॉटेलं थेट त्यांच्याकडेच बुक करा. दर जवळपास तोच असतो, आणि खोलीबद्दल बोलायला माणूस मिळतो. दाखवलेल्या दरात २५ टक्के व्हॅट धरलेलाच असतो, वर काही लागत नाही. टिपही द्यावी लागत नाही.

प्रवास सोपा झाला. कोपनहेगनहून होल्बेक, तिथे गाडी बदलून निकोबिंगकडे जाणारी लोकल, फोरेवायले स्टेशनला उतरायचं. वेळा ‘रायसेप्लानेन’ ॲपवर बघा. स्टेशनवर टॅक्सी उभी नसते, आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खोली कितव्या मजल्यावर आहे, किती पायऱ्या आहेत, हे त्याच मेलमध्ये विचारा. आईसाठी मी ते विचारलं होतं.

पोचल्यावर बाबा आधी आत गेलेच नाहीत. बाहेर उभं राहून जागा बघत होते. ड्राग्सहोल्म एका अरुंद जमिनीच्या पट्टीवर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लामेफ्योर्ड, पूर्वीची खाडी. नावातला ‘ड्राग’ म्हणजे बोटी ओढून नेण्याची अरुंद जागा. ‘ही खिंड अडवायला बांधलाय,’ बाबा म्हणाले. १५३४ ते १५३६ च्या यादवीत शेलंडवर हाच एक किल्ला पदच्युत राजासाठी लढणाऱ्या काउंट क्रिस्टोफरच्या फौजेला पुरून उरला, हे त्यांनी वाचलेलं होतं. त्याच भक्कम भिंतींमुळे पुढे त्याचा तुरुंग झाला. स्कॉटलंडच्या राणी मेरीचा तिसरा नवरा, बॉथवेलचा अर्ल जेम्स हेपबर्न, इथे १५७३ पासून कैदेत होता आणि १५७८ मध्ये इथेच मेला.

खोलीत शिरल्यावर बाबा खिडकीच्या कोनाड्यापाशी गेले आणि भिंतीची जाडी वितीने मोजायला लागले. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. ‘सहा विती,’ म्हणाले, आणि हात तसाच चुन्यावर ठेवून उभे राहिले. आई माझ्याकडे बघून हसली. बावीस दिवस मी याच्यासाठी भांडले होते.

जेवणाचं आधी सांगायचं राहिलं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहा, आणि अंडं नको असेल तर तेही वेगळं लिहा, कारण तिकडच्या शाकाहारात अंडं येतं. आम्ही लिहिलं होतं. लामेफ्योर्ड हा खाडीचा तळ. १८७३ पासून बांध घालून, पाणी उपसून तिथे शेतजमीन केली. समुद्रसपाटीपासून सात मीटरपर्यंत खालची ही माती भुसभुशीत आणि बिनखड्यांची, म्हणून तिथली गाजरं डेन्मार्कभर नावाजलेली. ताटात आलेलं गाजर सालासकट भाजलेलं, काळपट कडांचं, वर थोडं लोणी. आईने एक तुकडा खाल्ला, थांबली, म्हणाली, ‘अगं, हे तर आमच्या लहानपणीच्या गाजरासारखं गोड आहे.’ आणि उरलेलं कुणालाही न देता संपवलं.

किल्ल्याच्या भुतांबद्दल तिला कुणीतरी सांगितलंच. प्रेमात पडली म्हणून बापाने भिंतीत चिणलेली मुलगी, पांढऱ्या वेशातली बाई म्हणून फिरते, अशी आख्यायिका आहे. आईने रामरक्षा म्हटली आणि शांत झोपली.

मी माझ्या द्वारपालाच्या घरात. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो. खिडकीतून पलीकडे त्यांचा दिवा दिसत होता, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी फोरेवायलेच्या चर्चला जायचं होतं, बॉथवेलचा सुकलेला देह तिथे ठेवलेला आहे. पण पहाटे पाचलाच फोन वाजला. बाहेर लख्ख उजाडलं होतं.

‘उठलीस? लवकर ये. स्वीडनच्या लढाईत हा पार उद्ध्वस्त झाला होता, १६९४ नंतर नव्या मालकाने, आडेलरने, पुन्हा बांधला ना, त्यातली जुनी भिंत कुठे संपते आणि नवी कुठे लागते, ते सापडलंय मला.’

मी चपला घातल्या आणि खंदकाकडे पळाले.